गार खोली, ओली हवा : आई-बाबांच्या खोलीच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, कारण तोंडी चर्चेने गेले तीन आठवडे काहीच पुढे सरकलेलं नाही. यंदा मुंबईत पाऊस २६ मेलाच दाखल झाला, एरवीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी. तेव्हापासून ठाण्याच्या या घरात आई-बाबांची खोली गार असते आणि ओलीही असते. चादर अंगाला सर्द लागते. कपाटातल्या बाबांच्या कोल्हापुरी चपलांना हिरवट बुरा आलाय. पुस्तकांच्या फळीला कुबट वास येतोय.

पण मी हे हातात घेतलं ते तबल्यासाठी. बाबा पहाटे सहाला रियाजाला बसतात. रात्री काळी एक या सुराला लावून ठेवलेला तबला सकाळी अर्धा स्वर उतरून पांढरी एकच्या आसपास सापडतो. रोज उठून बाजूचे लाकडी गट्टे ठोकायचे, वरची कातड्याची पुडी ताणायची, आणि दहा वाजता ऊन पडलं की तोच तबला पुन्हा चढलेला. परवा ते म्हणाले, "पुडी फार दिवस टिकायची नाही असं." एवढंच म्हणाले. पण गवसणी हातात घेऊन बराच वेळ बसून होते.

खोली : १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ. म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. जुना एक टनाचा एसी मार्चमध्ये बंद पडला. एप्रिलमध्ये दुकानदाराने "काकांना उकाडा नको व्हायला" म्हणून दीड टनाचा इन्व्हर्टर एसी दिला. गेल्या पावसाळ्यात त्रास होता, पण इतका नव्हता. संशयाची पहिली सुई इथेच.

१८ जून, बुधवार

दोन छोटे डिजिटल आर्द्रतामापक मागवले होते, ते आले. शेजारी शेजारी ठेवले तर एक ७९ टक्के दाखवतो, दुसरा ७३. कुणावर विश्वास ठेवायचा?

मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घातलं. मीठ विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते झाकण आणि दोन्ही मापक झिपवाल्या पिशवीत घालून बारा तास बंद. अशा बंद जागेत मिठावरची हवा आपल्या घरातल्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी पहिला ७९ वर, दुसरा ७३ वर. म्हणजे पहिल्यातून ४ वजा करायचे, दुसऱ्यात २ मिळवायचे. मागे मार्करने तसं लिहून टाकलं. इथून पुढचे सगळे आकडे दुरुस्त केलेले आहेत.

२० जून, शुक्रवार

पहिली पूर्ण रात्र. पहाटे पाचला आत २३ अंश, ७६ टक्के. बाहेर गॅलरीत २७ अंश, ९१ टक्के.

आई म्हणाली, "बाहेर एक्क्याण्णव, आत शहात्तर, म्हणजे कमीच झाली की." टक्केवारी अशीच फसवते. गार हवेत मुळात बाष्प मावतं कमी, त्यामुळे तेवढंच पाणी गार हवेत जास्त टक्के दिसतं. म्हणून मी ग्रॅममध्ये मांडलं : बाहेरच्या एका घनमीटर हवेत साडेतेवीस ग्रॅम पाणी, आतल्या हवेत पावणेसोळा. एसी पाणी काढतोय हे नक्की. पण तेच पावणेसोळा ग्रॅम २६ अंशांच्या खोलीत असते तर मापक ६४ टक्के म्हणाला असता.

मग लक्षात आलं की आपणच उलट दिशेने चाललो होतो. चिकट वाटलं की आई रिमोट घेऊन २४ चे २३ करते, २३ चे २२. २०२० पासून नव्या एसींना सुरुवातीचा आकडा २४ ठेवलेला असतो, आमचाही तिथेच सुरू होतो. खाली नेत गेलो आम्ही. खोली जितकी गार, तितकी चादर, भिंत, कातडं ओलसर.

ध्येय ठरवलं : ६० टक्क्यांच्या खाली. सत्तरच्या वर दिवसेंदिवस राहिलं की चामडं, कागद, लाकूड, सगळं बुरशी धरतं.

२१ जून, शनिवार

आज ड्रेन पाइप गॅलरीतल्या बादलीत सोडला. एसी नऊला लावला, पण पहिला तास सोडून दिला, मोजणी रात्री १० ते सकाळी ६. बादलीत २.७ लिटर पाणी.

हिशेब मांडायला बसले. झोपलेला माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम बाष्प सोडतो. दोघांचे आठ तासांचे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. मग उरलेले दोन लिटर कुठून आले? दारं-खिडक्या बंद. ते बाहेरच्या हवेबरोबरच आत येत असणार. एक घनमीटर बाहेरची हवा आत आली की आधीच्या हवेपेक्षा पावणेआठ ग्रॅम पाणी जास्त आणते. ३२ घनमीटरची खोली, दोन लिटर पाणी, आठ तास. उत्तर येतं की खोलीतली सगळी हवा दर तासाला एकदा बदलतेय. बंद खोलीसाठी हे खूप आहे.

दोनदा तपासलं, आकडा तोच. इतक्या साध्या बादलीने एवढं सांगितलं याचा मला खरंच आनंद झाला. बाबांना उठवून सांगितलं.

२२ जून, रविवार

हवा कुठून शिरते ते शोधायला उदबत्ती. पंखा बंद करून, धूर सरळ वर जाईपर्यंत थांबायचं, मग उदबत्ती हळूहळू फटींपाशी न्यायची.

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीपाशी धूर थोडा हलला. दाराखाली जरा जास्त. इनडोअर युनिटच्या उजव्या कोपऱ्यात मात्र धूर एकदम खोलीकडे फेकला गेला, कुणी फुंकर मारावी तसा. स्टूलवर चढून टॉर्चने बघितलं : तांब्याच्या नळ्या भिंतीतून बाहेर जातात ते भोक अडीच इंची, नळ्यांनी जेमतेम निम्मं भरलेलं. उरलेल्या जागेतून पलीकडचा उजेड दिसत होता. बसवणाऱ्याने बाहेरून प्लास्टिकची टोपी लावली होती, आतून काहीच भरलं नव्हतं. फटीच्या कडेला भिंतीचा रंग फुगलेला, पोपडे सुटलेले, हाताला ओलं.

दुसरी गोष्ट बाथरूममध्ये. तिथला एक्झॉस्ट पंखा बाबा रात्रभर चालू ठेवतात, ओल राहू नये म्हणून. तो चालू केला तर भोकाजवळचा धूर आडवा झाला, बंद केला तर तिरपा. पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि तेवढीच बाहेरची हवा भोकातून, फटींतून आत येते. बाथरूमची ओल घालवायला लावलेला पंखा खोलीत पाऊस ओढून आणत होता.

भोक पांढऱ्या पुट्टीने दाबून भरलं, ड्रेन पाइपचा उतार हलणार नाही याची काळजी घेतली. खिडकीच्या चौकटीतली झिजलेली लोकरी पट्टी बदलली. एक्झॉस्ट आता आंघोळीनंतर अर्धा तास. दाराखालची फट मुद्दाम तशीच ठेवली, दोन माणसं झोपतात तिथे थोडी हवा खेळलीच पाहिजे.

२४ जून, मंगळवार

सकाळी २३ अंश, ७० टक्के. बादलीत १.८ लिटर.

आई घाबरली. "अगं, पाणी कमी येतंय. मशीन बिघडलं की काय?" बिघडलं नाही, आत पाणी येणंच कमी झालं. खोली आधीपेक्षा कोरडी आणि बादलीही हलकी, हे दोन्ही एकदम होतं तेव्हा समजायचं की गळती बुजली. हिशेबाने आता हवा दोन तासांत एकदा बदलते.

तबला तरीही उतरलेला. थोडा कमी, पण उतरलेला.

२८ जून, शनिवार

आज मशीनवर लक्ष. एसीच्या तोंडाशी तापमापक बांधला आणि रात्री साडेदहापर्यंत दर पाच मिनिटांनी लिहीत बसले.

पहिली वीस मिनिटं हवा १०-११ अंशांची. आर्द्रता भराभर खाली, ६४ पर्यंत. मग खोलीने २३ गाठले आणि मशीन मंदावलं. बाहेर पडणारी हवा १७-१८ अंश. ७० टक्के आणि २३ अंशांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, साधारण १७ असतो. एसीच्या आतली गार नळ्यांची जाळी, म्हणजे कॉइल, त्याच्या बरीच खाली गार असेल तरच तिच्यावर पाणी धरतं. आमची कॉइल त्या उंबरठ्यावरच रेंगाळत होती. त्यात कॉम्प्रेसर पूर्ण थांबला की आतला पंखा फिरतच राहतो आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत उडवतो. थांबल्यावर दहा मिनिटांत ६८ चे ७३ झाले, डोळ्यांदेखत.

बाबांच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक आहेत, तीस वर्षं याच कामात. त्यांना फोन केला. म्हणाले, "ताई, या मशीनला पाण्याचं काही माहीतच नसतं. त्याला फक्त तापमानाचा आकडा गाठायचा असतो. मोठं मशीन आकडा लवकर गाठतं आणि बसून राहतं. पाणी काढायला मशीन पळत राहिलं पाहिजे." दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॉटची ताकद. पावसाळी रात्रीला १२० चौरस फुटांच्या खोलीत तिचं काम नाही. उन्हाळ्याच्या दुपारी खोली झटपट गार व्हावी म्हणून घेतलेली ताकद चार महिने आड येते. दुकानात कुणी हे विचारत नाही, आम्हीही विचारलं नाही. जुना एक टनाचा एसी घुर्रघुर्र करत जास्त वेळ चालायचा, म्हणून खोली जास्त कोरडी राहायची. आम्ही त्याच्या आवाजाला नावं ठेवत होतो.

मशीन आता बदलता येणार नाही. असलेल्या मशीनला पळवायचं कसं, एवढंच हातात आहे.

२९ जून ते १ जुलै

तीन रात्री, तीन पद्धती. पंखा ऑटोऐवजी सगळ्यात कमी वेगावर, २५ अंश : ६४ टक्के. हवा सावकाश जाते, कॉइल जास्त गार राहते, पाणी जास्त धरतं. ड्राय मोड, २५ अंश : ५८ टक्के, बादलीत जवळपास दोन लिटर. ड्राय मोडमध्ये कॉम्प्रेसर थांबला की पंखाही थांबतो, म्हणून कॉइलवरचं पाणी परत उडत नाही. तिसऱ्या रात्री जुन्या पद्धतीने, पंखा जोरात, २२ अंश, केवळ ताडून पाहायला : ७४.

आई २५ ला तयार होईना, उकडेल म्हणाली. छताचा पंखा दोनवर लावला. सकाळी म्हणाली, "अंग कोरडं होतं रात्रभर." गोधडी ओढून झोपली होती.

५ जुलै, शनिवार

तीन दिवस झड. सूर्य नाही, बाहेर २५ अंश, ९६ टक्के. खोली एसीशिवायच साडेचोवीस. ड्राय मोड लावला तर मशीन दोन मिनिटं चालतं आणि गप्प बसतं. सकाळी ७५ टक्के. दोन आठवड्यांचं सगळं काम एका झडीत वाहून गेलं.

विचार केला तर चूक मशीनची नाही. एसी पाणी काढतो ते गार करता करता, जोडकाम म्हणून. गार करायला काही उरलंच नाही की पाणीही काढत नाही.

उद्या आषाढी. आईने केलेल्या साबुदाण्याच्या पापड्या डब्यात सादळल्या, परत तळल्या.

६ जुलै, रविवार

आज एसी सोडून घराकडे बघितलं. धुतलेले कपडे झडीत हॉलमधल्या दांड्यांवर असतात आणि संध्याकाळभर आई-बाबांच्या खोलीचं दार उघडं. सामान तोलायच्या काट्यावर मशीनमधून काढलेले कपडे तोलले : ७.१ किलो. आज वाळल्यावर ४.६. अडीच लिटर पाणी घरातल्या हवेत गेलं, म्हणजे रात्रभरात बादलीत जमतं त्याहून जास्त.

स्वयंपाकघराचंही तसंच. गॅस जळताना पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागे साधारण १.६ किलो. १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत बावीसेक लिटर पाणी वाफ होऊन घरात सुटतं, भाताची-वरणाची वाफ वेगळीच. चिमणी फक्त फोडणीच्या वेळी लावायची सवय होती. आता शेगडी पेटली की चिमणी.

कपड्यांची दांडी गॅलरीत हलवली, दार लावून.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. बाबांचे दोन जुने विद्यार्थी पहाटेच आले म्हणून मीही लवकर उठले, आणि आज खरी गोष्ट सापडली. उघडीप होती, रात्र चांगली गेली होती, पावणेसहाला मापकावर २४ अंश, ५९ टक्के. बाबांनी तबला वाजवून बघितला. सुरात होता!

सहाला आईने नेहमीप्रमाणे एसी बंद करून दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. रात्रभर कोंडलेली हवा जाऊ दे, ही तिची चाळीस वर्षांची सवय. मी चुंबळीवरच्या डग्ग्याकडे बघत होते. पितळेचा जुना डग्गा, बाबांच्या गुरुजींकडून आलेला. दोन मिनिटांत त्याची चकाकी गेली. काचेवर श्वास सोडल्यावर येतो तसा पांढुरका थर खालून वर चढत गेला. मी बोटाने रेघ मारली, रेघेत पितळ चमकलं आणि कडेला थेंब जमले. पाच मिनिटांनी एक थेंब ओघळून चुंबळीत शिरला. फरशीवर पाऊल उमटत होतं. आरशात कुणी दिसत नव्हतं.

बाहेरच्या हवेचा दवबिंदू साधारण पंचवीस. खोलीतली प्रत्येक वस्तू चोवीस अंशांवर. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा खोलीतल्या प्रत्येक वस्तूला फुटतो : डग्ग्याला, आरशाला, कपाटाच्या पाठीला, चपलांना, पुस्तकांना. धातूवर दिसतो, कातड्यावर दिसत नाही, ते पिऊन टाकतं. साडेसहाला तबला अर्धा स्वर खाली.

बाबा रोज फडक्याने डग्गा पुसायचे, रात्रीची ओल समजून. ती रात्रीची नव्हतीच, ती सहा वाजता खिडकीतून येत होती.

आईला सांगायला जड गेलं. तिने ते आमच्यासाठीच केलं होतं. डग्ग्यावरची रेघ दाखवली, ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मग हॉलच्या खिडक्या उघडते. इथली नऊनंतर."

१३ जुलै, रविवार

नवी पद्धत. एसी २६ वर, पंखा कमी. २६ चा दुहेरी फायदा : वस्तू बाहेरच्या दवबिंदूच्या वर राहतात, त्यामुळे खिडकी उघडली तरी घाम फुटत नाही. सकाळी एसी बंद, छताचा पंखा चालू, नऊपर्यंत खिडकी बंद. तीन सकाळी डग्गा कोरडा.

झडीचा प्रश्न तसाच. मैत्रिणीकडून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, दोन दिवसांसाठी आणला. आत एसीसारखीच गार कॉइल असते, पण तिची गरम बाजूही त्याच खोलीत असते. त्यामुळे हवा कोरडी होते आणि खोली तापते. एक लिटर बाष्पाचं पाणी होताना सुमारे ०.७ युनिट एवढी उष्णता सुटते, शिवाय मशीनने खाल्लेली वीजही उष्णता होऊनच बाहेर पडते. पहिल्या रात्री खोली दोन अंश वर गेली, आणि त्यामुळेच एसीला काम मिळालं, तोही पळू लागला. दोघांनी मिळून सकाळपर्यंत ५५ टक्के. एकट्याने दोघांनाही जमलं नव्हतं.

२० जुलै, रविवार

स्वतःचा घेतला, दिवसाला बारा लिटरवाला. खोक्यावरचा हा आकडा बहुतेक ३० अंश आणि ८० टक्क्यांच्या हवेतला असतो, आपल्या खोलीत त्याच्या निम्मंही निघत नाही. तेवढं पुरे आहे. ५५ वर लावलाय, तिथे पोचला की आपोआप थांबतो. कपाटात ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवले, आठवड्यात तळाशी दोन बोटं पाणी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून मुंबई-ठाण्यात धुवाधार, शाळांना सुट्टी. आमच्यासाठी याहून कडक परीक्षा नव्हती. सकाळी सहाला २६ अंश, ५६ टक्के. बादलीत अर्धा लिटर, डीह्युमिडिफायरच्या टाकीत दीड. जुलैच्या झडीत ७५ होते.

प्लगमध्ये लावलेल्या मीटरवर दोन्ही मशीनची मिळून वीज पूर्वीच्या २३ अंशांच्या रात्रीइतकीच येते.

२४ ऑगस्ट, रविवार

येत्या बुधवारी गणपती. तबला चार आठवडे काळी एकवरून ढळलेला नाही. बाबांनी आज गट्टे न ठोकता सरळ वाजवायला घेतला, अर्ध्या तासाने मला हाक मारून म्हणाले, "हातोडी कुठे ठेवलीय तेही आठवेना."

राहिलेलं काम : कपाटामागच्या भिंतीला अजून ७० च्या वर ओल आहे, बाकी खोली ५५ असताना. तिथला पाणी येण्याचा मार्ग हवेतून नाही. कपाट चार इंच पुढे ओढलं तर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून खाली गेलेली केसाएवढी चीर दिसली. बाहेरच्या प्लास्टरचं काम सोसायटी पाऊस थांबल्यावर काढणार आहे. तोवर कपाट पुढेच राहील, आणि दर रविवारी चिरेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करायची. आजची खूण : फरशीपासून ४१ इंच.